गाळ्याबाहेरचा संसार

सातारा-सांगलीकडच्या जुन्या माणसाला ‘मुंबईत काय काय पाहिलंत?’ म्हणून विचारावं, तर यादी बहुधा ठरलेली निघते. महालक्ष्मी, हाजीअली, चौपाटी, म्हातारीचा बूट, तारापोरवाल्याचे मासे आणि राणीची बाग. बाकीच्या ठिकाणांबद्दल माणूस एका वाक्यात मोकळा होतो. समुद्र मोठा होता, देवीला गर्दी होती, संपलं. राणीच्या बागेवर आला की मात्र तो मांडी ठोकून बोलायला लागतो, आणि बोलतो ते वाघ-हत्तींबद्दल कमीच. भाकरी कुणी बांधून आणल्या होत्या, कोणती वहिनी रुसली होती, कोणतं पोर हरणांच्या कुंपणाशी हरवलं आणि कुणाच्या खांद्यावर सापडलं, हे आधी येतं.

एका प्राणिसंग्रहालयाची आठवण इतकी घरगुती का, याचं उत्तर बागेत मिळत नाही. ते घोडपदेव, रे रोड, लालबाग, करी रोड इथल्या चाळींमधल्या ‘गावच्या गाळ्या’त मिळतं.

घाटावरचा माणूस मुंबईत आला तो बहुतेक वेळा एकटा. उतरायचा कुठे, तर गावाने मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत. खोली गावाच्या नावानेच ओळखली जायची. भिंतीलगत पत्र्याच्या पेट्या, वर दोरीवर कपडे, कोपऱ्यात वळकट्यांचा ढीग. वीस-पंचवीस माणसं, कुठे चाळीसही. सगळी एकदम झोपायची वेळच येत नसे. एक जण तिसऱ्या पाळीला गेला की दुसरा त्याच्या जागेवर अंग टाकायचा. जेवण खानावळवालीकडे. याच खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गाळ्यात हिशेब चोख असायचा. गावच्या जत्रेची वर्गणी तिथेच ठरायची, भजनाचा टाळ-पखवाज तिथे टांगलेला असायचा, नव्याने आलेल्या पोराला टोळीत किंवा खात्यात चिकटवायची खटपटही तिथूनच. सगळ्याला जागा होती, फक्त बाईला नव्हती. तिथे बायकोला घेऊन राहता येत नसे, आणि हा नियम कुठे लिहिलेला नसला तरी तो मोडायचं कुणाच्या मनातही येत नसे.

मग सुगी संपली, पोरांच्या शाळांना सुटी लागली, की गावाकडून बायका-पोरं यायची. उतरायची कुठल्या तरी चुलतनणंदेकडे, मावसदिराकडे, म्हणजे पुन्हा दहा बाय बाराच्या खोलीत, आधीच आठ माणसं असलेल्या घरात. नवरा गाळ्यात, बायको घोडपदेवला. त्यांनी भेटायचं कुठे?

मे महिन्यातल्या एका रविवारी राणीच्या बागेत मोठ्या झाडाखालच्या बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याकडून मला हे ऐकायला मिळालं. आजोबांनी आधी माझीच उलटतपासणी घेतली. ‘‘कुठलं गाव पाव्हणं?’’ मी कृष्णाकाठचं नाव सांगितल्यावर दोन-चार आडनावं विचारून खात्री करून घेतली आणि मगच बाकावर सरकून जागा दिली. ते पाटण तालुक्यातले, दाणाबंदरला वारणार म्हणजे हमाल होते, पुढे टोळीचे मुकादम झाले. ‘‘लगीन हून चार वर्सं झाल्ती,’’ ते म्हणाले, ‘‘पर हिच्यासंगं निवांत बोललो त्ये हितं. ऐतवारी सकाळी फाटकाशी हुबा ऱ्हायाचो. ही यायची पोरास्नी घिऊन. दिवस मावळंपतूर हितंच.’’

आजी इतका वेळ पिशवीत काही शोधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘निवांत कुठलं? एक प्वार रडत हुतं, एक पळत हुतं. मालक झाडाखाली घोरत हुतं.’’

आजोबा हसले. आठवडाभर शंभर-शंभर किलोची पोती पाठीवरून वाहिलेला माणूस रविवारी गवतावर आडवा झाला, की दुसरं काय होणार? पण आजी पुढे जे म्हणाल्या ते मला महत्त्वाचं वाटलं. नणंदेच्या घरी त्यांना चुलीशी सुद्धा विचारून बसावं लागे. बागेत त्यांनी पदरचं धडपं सोडलं, भाकरीवर ठेचा घातला आणि स्वतःच्या हाताने नवऱ्याला वाढलं. मुंबईत त्यांनी केलेला संसार म्हणजे हाच, रविवारचा, फाटक बंद होईपर्यंतचा.

शहरातल्या उद्यानांबद्दल लिहिताना ‘शहराची फुप्फुसं’ वगैरे म्हणायची पद्धत आहे. फुप्फुसं असतील, पण सातारा-सांगलीच्या दोन पिढ्यांसाठी ही बाग म्हणजे जी खोली त्यांना परवडत नव्हती ती खोली होती. तिचं मोल मला हवेपेक्षा या जागेत जास्त दिसतं.

खोलीची टंचाई आणि बाग यांचं हे नातं एका फार मोठ्या माणसाच्या बाबतीतही घडलेलं आहे. राणीच्या बागेच्या फाटकासमोरून जाणाऱ्या रस्त्याला ज्यांचं नाव आहे, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर साताऱ्यातल्या शाळेत दाखल झाले ते ७ नोव्हेंबर १९०० रोजी. आजचं ते प्रतापसिंह हायस्कूल. पुढे कुटुंब मुंबईला आलं, परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहिलं. त्या गजबजाटात अभ्यास होईना, म्हणून मुलगा शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचा. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला हेरलं. मॅट्रिक झाल्यावर, १९०७ साली, स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवलं. बागेत बाक नसता तर ही भेट झाली असती का, हा प्रश्न मी इतिहासकारांवर सोडतो.

अण्णा भाऊ साठे यांचं गाव वाटेगाव. आज ते सांगली जिल्ह्यात येतं, पण अण्णा भाऊंचा जन्म झाला त्या १९२० साली तो सगळा सातारा जिल्हाच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं सांगली झालं. साठे कुटुंब वाटेगावहून मुंबईला आलं ते पायी, आणि राहिलं ही बाग आहे त्याच भायखळ्यात, चांदबीबी चाळीत. गावावर राहिलेल्या मैनेची त्यांची छक्कड सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. ती ऐकताना मला नेहमी तो गाळा दिसतो आणि घोडपदेवची नणंदही.

आता थोडं बागेबद्दल, कारण तिच्या जन्मातही साताऱ्याचा एक धागा आहे आणि तो सहसा कुणी सांगत नाही.

‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संस्थेची बाग आधी शिवडीला होती. ती जागा युरोपियनांच्या दफनभूमीसाठी घेतली गेली, तेव्हा माझगाव-भायखळ्याच्या माउंट इस्टेटमध्ये नवी बाग आखली गेली. या खटपटीत जॉर्ज बर्डवुड हा बेळगावात जन्मलेला डॉक्टर पुढे होता. जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी, डेव्हिड ससून ही मंडळी बागेच्या आणि तिच्या दारातल्या संग्रहालयाच्या पाठीशी होती. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते व्हिक्टोरिया गार्डन्सचं उद्घाटन झालं. १८७३ मध्ये बाग नगरपालिकेकडे आली.

या लेडी फ्रिअर म्हणजे तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी. आणि हे फ्रिअरसाहेब गव्हर्नर होण्याच्या पंधराएक वर्षं आधी साताऱ्याच्या दरबारात इंग्रजांचे रेसिडेंट होते. १८४८ च्या एप्रिलमध्ये छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. फ्रिअर यांचं मत पडलं की दत्तक मान्य व्हायला हवा. डलहौसीने ते मानलं नाही. सातारा खालसा झालं आणि ज्या धोरणाने पुढे झाशी, नागपूर गिळलं त्याचा पहिला घास ठरलं. मग त्याच फ्रिअर यांनी खालसा झालेल्या साताऱ्याचे कमिशनर म्हणून कारभारही पाहिला. मत आपलं, नोकरी सरकारची! ही जात अजून नामशेष झालेली नाही.

म्हणजे साताऱ्याची गादी गेलेली ज्याने जवळून पाहिली, त्याच्या घरच्या बाईने ही बाग खुली केली. आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं त्याच सातारा मुलखातली पोटासाठी आलेली माणसं इथे भाकरी सोडत राहिली. व्हिक्टोरियाचं नाव जाऊन बागेला वीरमाता जिजाबाई भोसले यांचं नाव लागलं, तरी लोकांच्या तोंडी राणीची बागच राहिली. कोणती राणी, हे मात्र आता फारसं कुणी विचारत नाही. मी एका पोरीला विचारलं, तर ती म्हणाली, ‘‘वाघिणीचं नाव असंल.’’

संग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती आहे. घारापुरी बेटाला इंग्रजीत ‘एलिफंटा’ म्हणतात ते या हत्तीवरून. १८६४ मध्ये त्याला उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना क्रेनच मोडली, हत्ती पडून फुटला. तुकडे या बागेत आणून ठेवले आणि पुढे १९१४ मध्ये जोडून तो उभा केला. काळा घोडाही इथेच आहे. सातव्या एडवर्डचा तो अश्वारूढ पुतळा १९६५ साली फोर्टातून हलवून इथे ठेवला. मला या आवाराची गंमत वाटते. मुंबईने ज्याला रस्त्यावरून काढलं ते इथे आणून ठेवलं, आणि गावाने ज्यांना रानातून काढलं तीही माणसं सुटीच्या दिवशी इथेच येऊन बसली.

भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत गेलं की दहाएक मिनिटांत फाटक येतं. रविवारी त्या रस्त्याने गर्दीचा एकच ओघ असतो. तिकीट मोठ्यांना ५० रुपये, मुलांना २५. आईबाप आणि दोन मुलं मिळून १००. ऑगस्ट २०१७ पर्यंत मोठ्या माणसाचं तिकीट ५ रुपये होतं. एका झटक्यात दहापट वाढ झाली ती पेंग्विन आल्यानंतर. शहरातल्या दुसऱ्या करमणुकींशी तुलना केली तर ५० रुपये काहीच नाहीत, हा पालिकेच्या बाजूचा युक्तिवाद मला ठाऊक आहे आणि तो खोटाही नाही. पण ‘आईबाप आणि दोन मुलं’ हे कुटुंब कुणी ठरवलं? माझ्यापुढे रांगेत कराडकडचं कुटुंब होतं. आजी, आजोबा, मुलगा, सून, भाचा आणि तीन पोरं. आजोबांनी खिडकीवरच्या माणसाला विचारलं, ‘‘आमी कंच्यात बसतो?’’ हिशेबाला वेळ लागला. मागचे लोक करवादले.

आत शिरल्यावर बहुतेकांचे पाय पेंग्विनकडेच वळतात. २०१६ च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. त्यातला एक ऑक्टोबरमध्ये दगावला. बाकीचे मार्च २०१७ पासून लोकांना पाहता येऊ लागले. हे पक्षी पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथलं पाणी थंड, म्हणून काचेमागे सोळा-अठरा अंश तापमान राखावं लागतं. माणदेशातून आलेलं पोर काचेला नाक लावून उभं राहतं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते मी नाकारणार नाही. आटपाडीच्या उन्हाळ्यातून आलेल्या मुलाला तेवढा गारवा सुद्धा तमाशाच. फक्त दालनात थांबता येत नाही. ‘‘चला, पुढे चला’’ म्हणत रखवालदार रांग हलवत राहतो, आणि पाचेक मिनिटांत तुम्ही पुन्हा उन्हात.

वाघाच्या काचेपाशी मघाचे मुकादम पुन्हा भेटले. इथली शक्ती-करिश्मा ही वाघाची जोडी २०२० मध्ये औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून आली होती. आजोबा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘आमच्या भावकीतल्यांनी वाघापायी गाव सोडलं. वाघ बघाय भायखळ्याला यावं लागतं.’’ कोयना आणि चांदोलीचं रान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्यासाठी गावं उठली, माणसं खाली आली. आणि प्रकल्प झाल्यावरही वर्षानुवर्षं तिथल्या कॅमेऱ्यात वाघ आला तर बातमी व्हायची. आजोबांच्या बोलण्यात राग नव्हता. भावाने सांगितलेली गोष्ट जागेवर जाऊन पडताळावी, तेवढंच होतं.

सांगलीकरांना पिंजऱ्यातल्या सिंहाचं अप्रूप तितकं नाही. गावातल्या प्रतापसिंह उद्यानात एके काळी सिंह होते, आणि त्यांची डरकाळी रात्री आसपासच्या पेठांत ऐकू यायची असं जुने लोक अजून सांगतात. सिंह गेले. निवांत बसायला आमराई राहिली.

माझ्या मते राणीच्या बागेतली खरी बघण्याची गोष्ट पिंजऱ्यात नाहीच. ती झाडांत आहे. तीन हजारांवर झाडं आणि त्यांत देशोदेशीच्या जाती. आफ्रिकेतली गोरखचिंच, ब्रह्मदेशातली उर्वशी, दक्षिण अमेरिकेतला कैलासपती, पानाचा द्रोण करणारा कृष्णवड. मुळात ही वनस्पतींची बाग. जनावरं मागाहून आली. २००७ च्या सुमारास पालिकेने आंतरराष्ट्रीय दर्जाच्या प्राणिसंग्रहालयाचा चारशे कोटींवरचा आराखडा आणला, तेव्हा वनस्पती ओळखणारे काही नागरिक उभे राहिले. झाड न् झाड मोजून त्यांनी दाखवून दिलं की या बांधकामात काय जाईल. वारसा समितीनेही हरकत घेतली आणि तो आराखडा जसाच्या तसा पुढे गेला नाही. आज आपण ज्या सावलीत उभे राहतो ती या भांडकुदळ मंडळींची आहे, हे पाटीवर कुठेही लिहिलेलं नाही.

झाडांपाशी कोण थांबतं हे मी मुद्दाम पाहत होतो. शहरातली तरुण मुलं थांबत नाहीत. फोटोपुरतं झाड मागे घेतात. थांबतात त्या गावाकडच्या बायका. कैलासपतीच्या बुंध्यालाच फुलं येतात आणि तोफगोळ्याएवढी फळं लोंबतात. खाली पडलेलं एक फूल एका आजींनी उचललं, उलटसुलट केलं. आत पिंडीसारखा गोल आणि त्यावर फणा. ‘‘नागलिंग हाय न्हवं ह्ये,’’ म्हणत त्यांनी ते पदराच्या गाठीत बांधलं. सुनेने घाईने इकडेतिकडे पाहिलं. आजी निर्धास्त. ‘‘पडल्यालं हाय. तोडल्यालं न्हाई.’’ पुढे एका झाडाखाली दोघींचा वाद चालला होता की शेळीला हा पाला चालेल की नाही. इतक्या बारकाईने ती झाडं पाहणारं त्या दिवशी तिथे दुसरं कुणी नव्हतं.

कारंज्याजवळ विट्याकडचं एक कुटुंब भेटलं. गलाईवाले. खानापूर-आटपाडी भागातले हे लोक सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पांगलेले आहेत, हे कुटुंब कोईमतूरला. मुलं आपसात तमिळ बोलत होती आणि आजीशी माणदेशी. गृहस्थ म्हणाले, ‘‘सगळ्या शहरांतल्या बागा बघून झाल्या. पण वडील झवेरी बाजारात असताना आम्हाला इथं आणायचे. हत्तीवर बसवायचे.’’ हत्तीची सफर कधीच बंद झाली. त्यांनी मुलांना ती जागा दाखवायचा प्रयत्न केला, पण नव्या बांधकामात त्यांना दिशाच लागेना.

मुकादमांच्या घरची गोष्ट आता बदलली आहे. पाटण तालुक्यातल्याच मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील यांनी हमालांना संघटित केलं, १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, पाठीवरच्या ओझ्याला भविष्यनिर्वाह निधी आणि रजा मिळाली. बाजार मुंबईतून वाशी-तुर्भ्याला हलला, माणसंही हलली. आजोबांचं कोपरखैरण्याला घर आहे. नातू इंजिनिअर. गाळा सुटला, नणंदेची मोरी सुटली. मग इतक्या लांबून लोकल बदलत इथे का आलात, असं मी विचारलं. ‘‘नातवाला पेंग्विन बघायचा हुता,’’ आजोबा म्हणाले. आजींनी सांगितलं, ‘‘ह्यास्नीच यायाचं हुतं. नातू दोनदा बघून गेलाय.’’

बागेला लागून मफतलाल मिलची जागा आहे. मिल बंद पडली; त्या जमिनीचा भाग पालिकेकडे आला आणि प्राणिसंग्रहालय तिकडे वाढवायची योजना आहे. परदेशी जनावरं आणायची चर्चा अधूनमधून वर्तमानपत्रांत येते. आजोबांचा मेव्हणा त्या मिलमध्ये बदलीवाला होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, मेव्हणा वर्षभर थांबला आणि मग पेटी उचलून गावी गेला. पुन्हा आला नाही. जेवणाच्या सुटीत तो भिंतीवरून बागेतली झाडं बघायचा म्हणे.

‘‘त्याचा साचा हुता तितं आता काय आणत्यात?’’ आजोबांनी मला विचारलं, जणू मी पालिकेचा माणूस. चित्ता म्हणतात, जग्वार म्हणतात, मी ऐकलेलं सांगितलं.

‘‘काय बी आणू द्या,’’ आजी पिशवी आवळत म्हणाल्या. ‘‘बसाय बाकडी ठेवा म्हनावं. ह्या फेरीला सतरा बाया हुब्याच हुत्या.’’